विश्लेषण : दप्तर जळाले, पेटी उरली! आयरिश कुटुंबे जुन्या कागदांतून आपले मूळ कसे शोधतात?

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या घरात आजी जाते आणि कपाटावरची पत्र्याची पेटी बऱ्याच वर्षांनी उघडली जाते. आत पिवळी पडलेली पत्रे, फाटके बायबल, कुणाच्या तरी निधनानंतर छापलेले काळ्या कडेचे कार्ड, भाडे भरल्याची पावती आणि मागे फक्त ‘मेरी’ एवढेच लिहिलेला एक फोटो. कुटुंब मूळचे आयर्लंडचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. आयर्लंडमध्ये नेमके कुठले, हे कुणालाच सांगता येत नाही. इतर देशांत अशा वेळी लोक थेट सरकारी दप्तर गाठतात. आयरिश कुटुंबाला मात्र आधी ही पेटी नीट वाचावी लागते, कारण ज्या दप्तरात उत्तर मिळाले असते त्याचा मोठा भाग १९२२ मध्ये जळून गेला.

हा शोध केवळ हौसेचा नाही. आजी-आजोबांपैकी एक जण जरी आयर्लंड बेटावर जन्मलेला असेल, तर नातवंडाला आयर्लंडच्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर तिथल्या अनेकांनी याच कारणासाठी घरातले जुने कागद काढले. पेटीत नेमके काय पाहायचे, कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर नाही?

नेमके काय जळाले?

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठी ‘फोर कोर्ट्स’ ही न्यायालयांची इमारत आहे. तिच्याच आवारात आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेखागार होते. ब्रिटनशी झालेला करार मान्य नसलेल्या गटाने एप्रिल १९२२ मध्ये ही इमारत ताब्यात घेतली. २८ जूनला नव्या सरकारच्या सैन्याने तिच्यावर तोफा डागल्या आणि यादवी सुरू झाली. ३० जूनला मोठा स्फोट झाला. त्यानंतरच्या आगीत अभिलेखागाराचा खजिना भस्मसात झाला. जळक्या कागदांचे तुकडे शहरभर उडत होते.

१८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचे जवळपास सगळे अर्ज या आगीत गेले. मूळ मृत्युपत्रे गेली. ‘चर्च ऑफ आयर्लंड’ या प्रोटेस्टंट चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या अर्ध्याहून अधिक नोंदवह्याही गेल्या, कारण कायद्याने त्या सार्वजनिक दप्तराचा भाग ठरल्या होत्या आणि अनेक चर्चनी त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनला पाठवल्या होत्या.

सगळे खापर आगीवर फोडण्याची पद्धत मात्र सोयीची आहे, खरी नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे अर्ज आकडेवारी काढून झाल्यावर सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे अर्ज पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईत लगद्यासाठी गेले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या ज्या आठ जनगणना आज हाताशी हव्या होत्या, त्यांपैकी चार आगीने नेल्या आणि चार सरकारी निर्णयाने. संपूर्ण देशाच्या, घरनिहाय आणि सर्वांना मोफत पाहता येणाऱ्या सर्वांत जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या आहेत. तोवर दुष्काळाला पन्नास वर्षे उलटून गेली होती आणि परदेशी गेलेली लाखो माणसे यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हाताऱ्यांच्या पेन्शनमुळे काय वाचले?

जळालेल्या जनगणनांचा एक छोटासा भाग अगदी अनपेक्षित वाटेने वाचला. १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पेन्शन मिळू लागले. पहिले पैसे १ जानेवारी १९०९ पासून. अडचण अशी की आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासूनच सुरू झाली. सत्तरीतल्या माणसाने वय सिद्ध करायचे कसे? काही जण ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचे महाभयंकर वादळ आपल्याला आठवते, असे सांगत. पण हे सगळ्यांनाच ‘आठवू’ लागल्यावर अधिकाऱ्यांना कागद हवा झाला. तेव्हा १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेचे अर्ज अजून शाबूत होते. अर्जदाराने आईवडिलांची नावे आणि लहानपणीच्या घराचा पत्ता द्यायचा, कारकुनाने जुने अर्ज काढून घरात कोण-कोण होते ते तपासायचे आणि निकाल एका फॉर्मवर लिहायचा, अशी पद्धत पडली. मूळ अर्ज १९२२ मध्ये जळाले, तपासणीचे हे फॉर्म राहिले. आज ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. त्यात अनेकदा अर्जदाराच्या आईचे माहेरचे आडनावही असते. घरच्या पेटीत १९०९ नंतरचे पेन्शनचे पुस्तक किंवा त्यासंबंधीचे पत्र सापडले तर या फॉर्मपर्यंत जाण्याची वाट उघडते.

या पेन्शनचा एक दुष्परिणामही आहे. अनेक कुटुंबांत १९०१ ते १९११ या दहा वर्षांत म्हाताऱ्या माणसाचे वय पंधरा-सोळा वर्षांनी वाढलेले दिसते. कोणते आकडे खरे, हे ठरवताना १९०१ चा आकडा सहसा जास्त भरवशाचा, कारण तेव्हा वय वाढवून सांगण्यात काही फायदा नव्हता.

आडनावावरून गाव का कळत नाही?

मराठी वाचकाला हा प्रश्न पडणारच. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे वडील मुंबईचे आणि घराणे सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आडनाव ऐकले की गाव कळते. २०१९ मध्ये वराडकर त्या गावी येऊनही गेले. त्यांच्या आईकडचे घर वॉटरफर्ड कौंटीतल्या डंगारवनचे. पण आयरिश आडनावात असा पत्ता नसतो. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. आडनाव गाव सांगत नाही, शेकडो वर्षांपूर्वीचा कुणी पूर्वज सांगते. मर्फी, केली, सलिव्हन ही नावे तर हजारो घरांत आहेत.

त्यात भर इंग्रजीकरणाची. गेलिक ‘मॅक गवन’ म्हणजे लोहाराचा मुलगा. याच घराण्यातले काही मॅकगवन राहिले, काही चक्क स्मिथ झाले. अनेकांनी ‘ओ’ सोडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश अस्मितेची लाट आल्यावर पुन्हा लावला. एकाच माणसाच्या लग्नाच्या नोंदीत एक स्पेलिंग, थडग्यावर दुसरे आणि मुलाच्या पासपोर्टवर तिसरे, हे तिथे नेहमीचेच.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचे तर आयरिश शोधात आडनाव ही ‘प्रायमरी की’ होऊ शकत नाही. ते स्थान आहे टाउनलँडला.

टाउनलँड म्हणजे काय?

नावात ‘टाउन’ असले तरी त्याचा शहराशी संबंध नाही. टाउनलँड हे आयर्लंडमधले जमिनीचे सर्वांत लहान नाव असलेले एकक. बहुधा काहीशे एकरांचा तुकडा, त्यावर दोन-चार किंवा वीस-पंचवीस घरे. देशात असे ६० हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. त्यावर सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी, त्यावर कौंटी. कौंट्या एकूण ३२. जमिनीचा कर, भाडे, मतदान, चर्च, सगळ्या नोंदी टाउनलँडनुसार ठेवल्या गेल्या. त्यामुळे पेटीतल्या शंभर कागदांपैकी ज्या एका कागदावर टाउनलँडचे नाव असेल, तो कागद बाकी नव्याण्णवांपेक्षा मोलाचा.

मात्र पत्रात हे नाव नकाशातल्यासारखे सापडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. बहुतेक नावे मुळात गेलिक आहेत. ‘बॅली’ने सुरू होणारे नाव ‘बाले’ म्हणजे वस्ती या शब्दावरून आले. ‘किल’ बहुतेक वेळा चर्च या अर्थाचे. एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षण खात्याने नकाशे करताना या नावांची इंग्रजी स्पेलिंग ठरवून टाकली. पत्र लिहिणाऱ्याला ती माहीत असायचे कारण नव्हते; कानाला आले तसे त्याने लिहिले. म्हणून नाव मोठ्याने वाचावे आणि उच्चार पकडून नकाशात शोधावे. एकच नाव अनेक कौंट्यांत असते, हे वेगळेच. ‘किलमोर’ एवढेच हाती आले तर शोध संपत नाही, सुरू होतो.

पेटीतला कोणता कागद काय सांगतो?

पत्र हाती येताच लोक मजकूर वाचतात आणि पाकीट बाजूला ठेवतात. करायचे नेमके उलटे. पोस्टाचा शिक्का म्हणजे तारीख आणि जवळचे टपाल कार्यालय. आतला मजकूर ‘आम्ही सर्व सुखरूप आहोत’ एवढाच असला तरी शिक्क्यावरून शोधाचे वर्तुळ काही मैलांवर येते. १८४० पूर्वीचे पत्र असेल तर वेगळे पाकीट बहुधा नसतेच. तेव्हा कागदांच्या संख्येवर टपालखर्च आकारला जात असल्याने पत्राचीच घडी घालून मागे पत्ता लिहीत. पैसे वाचवण्यासाठी आडव्या ओळींवर पुन्हा उभ्या ओळी लिहिलेली पत्रेही सापडतात. ती फोटो काढून मोठी केली की वाचता येतात.

हस्ताक्षरावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आईने मुलाला पाठवलेले पत्र पुष्कळदा गावातल्या शाळामास्तराने किंवा शेजाऱ्याने लिहिलेले असायचे. स्पेलिंगही त्याचेच.

पत्रांबाबत एक साधी गोष्ट लक्षात येत नाही. माणसाकडे उरतात ती त्याला आलेली पत्रे, त्याने लिहिलेली नव्हे. म्हणजे बोस्टनच्या पेटीत आयर्लंडहून आलेला अर्धा संवाद असतो. उरलेला अर्धा आयर्लंडमधल्या कुठल्या तरी घरात, नाहीतर चुलीत गेलेला. हे दोन अर्धे जोडण्याचे सर्वांत मोठे काम अमेरिकी इतिहासकार कर्बी मिलर यांनी केले. अनेक दशके त्यांनी कुटुंबाकुटुंबांतून स्थलांतरितांची हजारो पत्रे जमवली. त्यावर आधारलेले त्यांचे ‘एमिग्रंट्स अँड एग्झाइल्स’ हे पुस्तक १९८५ मध्ये आले. हा संग्रह आता गॉलवे विद्यापीठाच्या ‘इमिर्के’ या डिजिटल दालनात खुला आहे. इमिर्के म्हणजे स्थलांतर. आपल्या घरचे पत्र त्यात नसेल, पण शेजारच्या टाउनलँडमधल्या कुणाचे असू शकते, आणि त्या पत्रात आपल्या पणजोबांची खबर असू शकते. तेव्हा पत्र एकाचे नसायचे. आलेले पत्र शेजारीपाजारी जमून वाचले जाई आणि त्यात साऱ्या गावाची चौकशी असे.

बायबलचे कोरे पान हा दुसरा खजिना. अनेक, विशेषतः प्रोटेस्टंट, कुटुंबांत जन्म, लग्न आणि मृत्यू बायबलच्या सुरुवातीच्या पानांवर लिहीत. पण त्याची एक परीक्षा आहे. आधी बायबलचे छपाईवर्ष पाहायचे. बायबल १८६० चे आणि त्यातली पहिली नोंद १८२५ ची असेल, तर ती नोंद घटनेच्या वेळची नाही, आठवणीतून केलेली आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने एका बैठकीत केल्यासारख्या दिसत असतील, तरीही तोच निष्कर्ष. अशी नोंद खोटी असते असे नाही. फक्त तिला साक्षीदाराचा मान देता येत नाही.

बाकी कागदांत भाड्याच्या पावतीवर जमीनदाराचे नाव असते, आणि ते किती उपयोगाचे हे पुढे येईलच. निधनानंतर वाटल्या जाणाऱ्या कार्डांवर तारीख, वय आणि कधी कधी टाउनलँड असते. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो. व्यवहाराचे क्षुल्लक कागदही पिढ्या जोडतात. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी १४ एप्रिल २०२३ रोजी मेयो कौंटीतल्या बॅलिना येथे भाषण केले, तेव्हा आपल्या एडवर्ड ब्लुइट या पूर्वजाने १८२८ मध्ये तिथल्या कॅथेड्रलसाठी २७ हजार विटा २१ पौंड १२ शिलिंगांना विकल्या होत्या, असे सांगितले. दोनशे वर्षांपूर्वीचा विटांचा हिशेब एका राष्ट्राध्यक्षाच्या भाषणात आला तो असा.

गरिबाची पेटीच नसेल तर?

खरी अडचण इथेच आहे. दुष्काळात देश सोडणाऱ्या कुटुंबाकडे बायबल, पत्रे, पावत्या असण्याची शक्यता कमी. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचे पीक रोगाने गेले, सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे नाव कुठे असेल तर त्यांच्या जमीनदाराच्या कागदांत.

रॉसकॉमन कौंटीतल्या स्ट्रोक्सटाउनची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. तिथला महोन घराण्याचा वाडा १९७९ मध्ये स्थानिक व्यावसायिक जिम कॅलरी यांनी विकत घेतला. इस्टेटीच्या कार्यालयात त्यांना कागदांचे ढीग सापडले. त्यात ऑगस्ट १८४६ मधला क्लूनाही या टाउनलँडच्या कुळांचा अर्ज होता. पीक गेले आहे, काम द्या, अशी विनवणी. कॅलरींनी ठरवले, हे कागद विकायचे नाहीत आणि वाडाही पाडायचा नाही. १९९४ मध्ये तिथे राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय सुरू झाले. या दप्तरात ५० हजारांहून अधिक कागद आहेत.

त्यातलीच एक यादी १८४७ ची. कुळांना पोसण्यापेक्षा जहाजाचे भाडे भरून कॅनडाला धाडणे स्वस्त पडेल, असा हिशेब मेजर डेनिस महोन यांच्या कारभाऱ्याने मांडला. त्यानुसार १,४९० माणसे रॉयल कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली, तिथून लिव्हरपूल आणि पुढे चार जहाजांतून क्विबेक. त्यातल्या ‘व्हर्जिनियस’ या जहाजावर ४७६ प्रवासी होते. १५८ जण वाटेतच मेले. महोन यांची त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोळ्या घालून हत्या झाली.

या लोकांत मेरी टाय ही विधवा, तिची मुले आणि तिचा भाऊ होते. ‘नाओमी’ जहाजावरच्या या कुटुंबातली दोनच जणे जगली, १२ वर्षांचा डॅनियल आणि त्याची धाकटी बहीण कॅथरीन. क्विबेकमधल्या एका फ्रेंच भाषक कुटुंबाने दोघांना एकत्र सांभाळले. घरात गोष्ट टिकून राहिली. आडनावही टिकले, फक्त स्पेलिंग बदलले. आयर्लंडमध्ये पाच अक्षरी असलेले ‘टाय’ कॅनडात तीन अक्षरी झाले. एका बाजूला फ्रेंच बोलणाऱ्या घरातली आठवण आणि दुसऱ्या बाजूला जमीनदाराच्या कार्यालयातली यादी, हे दोन धागे जुळले तेव्हा २०१३ मध्ये डॅनियलचा वंशज स्ट्रोक्सटाउनला परतला. ज्या यादीत त्याच्या खापरपणजीचे नाव होते ती प्रेमाने केलेली नव्हती. तो खर्चाचा हिशेब होता.

सर्वच इस्टेटींचे कागद असे सुखरूप नाहीत. पण शोधण्याची पद्धत ठरलेली आहे. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली देशातल्या जमिनी आणि घरांचे मूल्यमापन छापले गेले. ‘ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात टाउनलँडनुसार कूळ कोण आणि त्याला जमीन देणारा कोण, ही दोन्ही नावे आहेत. पेटीत भाड्याची पावती नसली तरी इथून जमीनदाराचे नाव मिळते. मग त्या घराण्याचे कागद डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा बेलफास्टच्या अभिलेखागारात आहेत का, ते पाहायचे.

घरातली गोष्ट खोटी निघाली तर?

न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवरून अमेरिकेत शिरलेली पहिली व्यक्ती ॲनी मूर. तारीख १ जानेवारी १८९२. कॉर्कहून ‘नेवाडा’ जहाजाने दोन धाकट्या भावांसह आलेली ही मुलगी. तिचे पुतळे एलिस आयलंडवर आणि आयर्लंडच्या कोव्ह बंदरात आहेत. ती पुढे टेक्ससला गेली आणि १९२३ मध्ये तिथे ट्रामखाली सापडून मेली, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. टेक्ससमधल्या कुटुंबाच्या घरात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या होती आणि समारंभांना त्यांनाच बोलावले जाई.

वंशावळतज्ज्ञ मेगन स्मोलेन्याक यांनी कागद तपासले तेव्हा टेक्ससची ॲनी मूर आयर्लंडमध्ये जन्मलेलीच नव्हती; तिचा जन्म अमेरिकेतल्या इलिनॉयचा. २००६ मध्ये स्मोलेन्याक यांनी खरी ॲनी शोधून देणाऱ्यास हजार डॉलरचे बक्षीस इंटरनेटवर जाहीर केले. काही आठवड्यांत उत्तर मिळाले आणि त्याचा दुवा ठरला ॲनीचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाचा कागद. खरी ॲनी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्येच राहिली, जर्मन वंशाच्या माणसाशी लग्न केले, अकरा किंवा त्याहून अधिक मुले झाली आणि १९२४ मध्ये ती वारली. टेक्ससच्या कुटुंबाने कुणाला फसवले नव्हते. त्यांना ते खरेच वाटत होते.

अशा आणखी काही गोष्टी घरोघरी ऐकू येतात. ‘एलिस आयलंडच्या कारकुनाने आमचे आडनाव बदलले’ ही त्यातली सर्वांत लाडकी. प्रत्यक्षात तिथले कारकून जहाजावरून आलेल्या यादीवर खुणा करत; नावे त्यांनी लिहिलेलीच नसत. ‘आम्ही कॉर्कचे’ हेही जपून घ्यावे. देशाच्या अनेक भागांतली माणसे कॉर्क कौंटीतल्या क्वीन्सटाउन, म्हणजे आजच्या कोव्ह बंदरातून जहाजात चढली. शेवटचे पाहिलेले गाव ते आपले गाव, अशी आठवण पुढच्या पिढीत उरते.

कागदातला दुवा पुढे कुठे ताडायचा?

१८६४ नंतरचा जन्म, विवाह किंवा मृत्यू असेल तर सरकारी नोंदींच्या प्रतिमा आयर्लंड सरकारच्या वंशावळ संकेतस्थळावर मोफत आहेत. बिगर-कॅथलिक विवाह तर १ एप्रिल १८४५ पासूनचे. त्याआधीसाठी चर्चच्या नोंदवह्या. कॅथलिक चर्चने आपल्या वह्या डब्लिनच्या अभिलेखागारात ठेवलेल्या नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची मायक्रोफिल्म केली आणि जुलै २०१५ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक प्रतिमा इंटरनेटवर टाकल्या. नावे बरीचशी लॅटिनमध्ये असतात. ‘जाकोबस’ म्हणजे जेम्स आणि ‘गुलिएल्मस’ म्हणजे विल्यम, हे माहीत नसेल तर समोर असलेला पणजोबाही दिसत नाही.

प्रोटेस्टंट वह्यांपैकी ज्या गावातच राहिल्या, त्या वाचल्या. बराक ओबामा यांचे आयरिश मूळ अशाच एका वहीने पक्के केले. १८५० मध्ये अमेरिकेला गेलेला फालमथ कार्नी हा त्यांचा पूर्वज. मनीगॉल परिसरातले पाद्री स्टीफन नील यांना २००७ मध्ये टेंपलहॅरी चर्चच्या जुन्या नोंदींत हे कार्नी कुटुंब सापडले. मे २०११ मध्ये ओबामा त्या छोट्याशा गावी जाऊन आले.

मुलांची नावेही दुवा देतात. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, मुलींत उलट क्रम, अशी प्रथा पुष्कळ घरांत होती. नियम नव्हे, पण अंदाज बांधायला पुरेसा. १९११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जन्मली आणि किती जिवंत आहेत, हेही विचारले होते. घरातल्या गोष्टीत पाच भावंडे आणि अर्जावर नऊ जन्म, असे निघाले की कुणी कधीच न उच्चारलेली चार नावे शोधावी लागतात.

जळालेल्या अभिलेखागाराची भरपाई करण्याचा प्रयत्नही सुरू आहे. आगीला १०० वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, जून २०२२ मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड’ खुले झाले. मूळ कागद गेले, पण त्यांच्या नकला, उतारे, टिपणे जगभरच्या संग्रहांत होती. ती एकत्र केली जात आहेत. यातही खासगी कागदांचा वाटा मोठा. सर विल्यम बेथम या अधिकाऱ्याने १८०० पर्यंतच्या हजारो मृत्युपत्रांतून वंशावळीची टिपणे काढून ठेवली होती. मृत्युपत्रे गेली, टिपणे राहिली.

तरी एक मर्यादा सगळ्यांना मान्य करावी लागते. पश्चिमेकडच्या अनेक कॅथलिक पॅरिशच्या वह्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू होतात. सामान्य शेतकरी कुटुंबाची वाट बहुधा १८०० च्या आसपास संपते. त्यापलीकडे थेट राजापर्यंत नेणारी वंशावळ कुणी विकत देत असेल तर खिसा सांभाळावा.

मुंबई-पुण्याचा संबंध कुठे येतो?

आयरिश पेटीत कधी कधी ‘बॉम्बे’ किंवा ‘पूना’ असा शिक्का सापडतो. ईस्ट इंडिया कंपनी आणि नंतर ब्रिटिश लष्कर, दोघांनीही आयर्लंडमधून मोठी भरती केली. कंपनीची मुंबईची युरोपियन पलटण पुढे ‘रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स’ झाली आणि १८८१ मध्ये ‘रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स’ची दुसरी बटालियन. पुणे, खडकी, देवळाली इथल्या छावण्यांत आयरिश शिपायांची लग्ने झाली, मुले जन्मली, माणसे पुरली गेली. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डब्लिनच्या आगीची झळ त्यांना लागली नाही. त्यामुळे काही कुटुंबांना आयर्लंडमधला पणजोबा सापडत नाही, पण पुण्यातला त्याचा बाप्तिस्मा सापडतो. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या ‘किम’ कादंबरीतला नायक आयरिश शिपायाचा पोरका मुलगा आहे आणि त्याची ओळख गळ्यातल्या ताइतात शिवलेल्या बापाच्या कागदांवरून पटते. कादंबरीत शोभणारी ही गोष्ट लष्करी कुटुंबांत फार वेगळी नव्हती.

नागरिकत्वासाठी पेटीतले पत्र चालते का?

चालत नाही. पत्र, बायबल, फोटो हे शोधाचे साधन. अर्जासोबत लागतात ते आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आजी किंवा आजोबांचे, त्यांच्या मुलाचे आणि अर्जदाराचे सरकारी जन्मदाखले, विवाहाचे दाखले आणि इतर ओळखपत्रे. पत्रामुळे दाखला कोणत्या नावाने, कुठल्या जिल्ह्यात मागायचा एवढे कळते. पणजोबांच्या आधाराने सहसा काही मिळत नाही. अर्जदाराच्या जन्माआधीच त्याच्या आईने किंवा वडिलांनी स्वतःची नोंद करून घेतली असेल तरच दार उघडते. नोंद एक वर्ष उशिरा झाली म्हणून एका घरात थोरल्याला हक्क नाही आणि धाकट्याला आहे, असे घडू शकते.

सापडलेले कागद हाताळताना लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये. पत्र पाकिटासह, पुढून-मागून मोबाइलवर टिपावे आणि कोणता कागद कशात गुंडाळलेला होता तेही लिहून ठेवावे. दोन पत्रे एका रिबनमध्ये बांधलेली असतील, तर ती कुणी तरी विचार करूनच बांधलेली असतात.

१९२६ च्या जनगणनेने काय बदलते?

स्वतंत्र आयर्लंडची पहिली जनगणना १८ एप्रिल १९२६ रोजी झाली. १०० वर्षांच्या गोपनीयतेच्या नियमानुसार तिचे अर्ज खुले करण्यासाठी १८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. स्वातंत्र्ययुद्धामुळे १९२१ मध्ये गणना झालीच नव्हती. त्यामुळे १९११ नंतर कोण घरात राहिले, कोण गेले, शेत कुणाकडे आले, हे घराघरातून सांगणारा हा पहिला दस्तऐवज. पत्रात ‘धाकट्याकडे शेत आहे’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो धाकटा कोण, हे इथे ताडता येते.

मात्र ही सोय २६ कौंट्यांपुरती. उत्तर आयर्लंडमध्येही १९२६ सालीच जनगणना झाली होती. तिचे घरनिहाय अर्ज शिल्लक राहिलेले नाहीत. अँट्रिम, डाउन किंवा टिरोनच्या कुटुंबाला १९११ नंतरच्या त्या वर्षांसाठी पुन्हा पत्र्याची पेटीच उघडावी लागते.